पाच मिनिटांत फोन करा!

मंडळी, ह्या शनिवारी घरदलालांबद्दल लिहिणार आहे. तेही अमेरिकेतल्या. 'दलाल' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे जे येतं ते जरा बाजूला ठेवा. कारण ह्या गोष्टीत नाडला गेलेला पक्ष दलालांचा आहे, आणि नाडणाऱ्यांच्या बाजूला काही काळ मी स्वतः बसलो होतो.

२००६ च्या उन्हाळ्यात आम्ही सिएटलच्या एका उपनगरात घर घेतलं. आमच्या एजंट बाई साठीच्या होत्या. वीस वर्षं धंद्यात, गाडीत कायम मोजपट्टी आणि टॉर्च. किल्ल्या मिळाल्या त्या दिवशी रिकाम्या स्वयंपाकघरात कागदी कपातून चहा पिताना त्यांनी सहज विचारलं, तू नक्की काय काम करतोस? मी मोठ्या उत्साहात सांगितलं की दुसऱ्या राज्यातल्या एका कंपनीसाठी कंत्राटावर प्रोग्राम लिहितोय, इंटरनेटवरून आलेली 'लीड' त्या त्या भागातल्या एजंटला पोचवणारा. बाईंनी कप ओट्यावर ठेवला. म्हणाल्या, तसल्या एका कंपनीला मी वर्षभर दरमहा पैसे भरलेत. त्यातून मला एकदा मिकी माउसचा फोन नंबर मिळाला होता!

मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

हा सगळा प्रकार समजायला थोडं मागे जावं लागतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकन शहरांतले घरदलाल ठरावीक दिवशी एकत्र जमत आणि आपापल्याकडची विकाऊ घरं एकमेकांना सांगत. माझ्याकडचं घर तू विकलंस तर दलालीतला वाटा तुला, असा साधा व्यवहार. ह्यातूनच 'मल्टिपल लिस्टिंग' ही पद्धत रुजली. १९०८ साली शिकागोत त्यांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली, आणि १९१६ मध्ये मिनीआपोलिसच्या चार्ल्स चॅडबर्न ह्या दलालाने 'रिअल्टर' हा शब्द काढला, म्हणजे संघटनेचा सभासद कोण आणि नुसताच दलाल कोण हे लोकांना कळावं.

पुढे ह्या याद्यांची जाडजूड पुस्तकं छापली जाऊ लागली. पुस्तक फक्त सभासदांसाठी. घर हवंय? मग एजंटकडे जा, त्याशिवाय कुठलं घर विकाऊ आहे हेच कळणार नाही. ५-६ टक्के दलाली अनेक दशकं टिकली त्यामागचं एक मोठं कारण हे कुलूपबंद पुस्तक.

मग आलं इंटरनेट. संघटनेच्याच आकडेवारीनुसार १९९५ मध्ये घर शोधताना इंटरनेट वापरणारे गिऱ्हाईक होते २ टक्के. २००६ पर्यंत तो आकडा ८० टक्क्यांच्या घरात गेला! अकरा वर्षांत कुलूप गळून पडलं. १९९६ साली रिअल्टर डॉट कॉम सुरू झालं, संघटनेच्या आशीर्वादाने पण चालवायला वेगळी कंपनी. घरं पडद्यावर दिसू लागली. आणि कुणीतरी विचार केला की लोक तर इथे जमलेतच, मग दलालांना हे लोकच विकले तर?

१९९९ मध्ये अशा दोन कंपन्या निघाल्या. सिएटलजवळ कर्कलंडची हाउसव्हॅल्यूज, आणि कॅलिफोर्नियात ब्रॅड इनमन ह्यांनी काढलेली होमगेन. दोघींच्या हिशेबाची पद्धत वेगळी, आणि तो फरक पुढच्या सगळ्या भांडणाचा गाभा आहे, म्हणून जरा थांबून सांगतो.

हाउसव्हॅल्यूजची पद्धत जाहिरातीची. 'तुमच्या घराची आजची किंमत जाणून घ्या' अशी जाहिरात करायची. माणूस उत्सुकतेपोटी नाव, पत्ता, फोन भरतो. तो फॉर्म म्हणजे लीड. त्या झिप कोडसाठी (आपला पिन कोड) ज्या एजंटने मासिक फी भरलीय त्याला ती जाते, आणि घराची किंमत काढून द्यायचं कामही एजंटचंच. पुढे सौदा होवो न होवो, फी भरायचीच.

होमगेनची सुरुवातीची पद्धत वाट्याची. घर विकायचंय अशा माणसापुढे एजंटांचे प्रस्ताव ठेवायचे, आणि सौदा झाला तरच दलालीतला हिस्सा घ्यायचा. पण इथे कायद्याची मेख आहे. १९७४ च्या 'रेस्पा' ह्या कायद्याने घरव्यवहारात नुसतं गिऱ्हाईक पाठवल्याबद्दल पैसे घ्यायला मनाई केली. सूट आहे ती परवानाधारक दलालांनी आपसात वाटा घेण्याला. म्हणजे वाटा हवा तर कंपनीने स्वतः दलालीचा परवाना काढायचा, नाहीतर आम्ही फक्त जाहिरात विकतो म्हणायचं आणि आधीच पैसे घ्यायचे.

आधी पैसे घेतले की धोका सगळा एजंटचा. हे मला तेव्हा कळलं नव्हतं. मी आपला कोड लिहीत होतो.

आता हिशेब बघा. आकडे उदाहरणादाखल माझे आहेत, पण विक्रेत्याचा माणूस एजंटसमोर बसून साधारण असाच कागद मांडायचा. महिना ४०० डॉलर, म्हणजे वर्षाला ४,८००. महिन्याला २० लीड, वर्षाला २४०. शंभरात एक जरी पिकली तरी दोन सौदे. ३ लाखांचं घर, ६ टक्के दलाली १८,०००, त्यातली निम्मी समोरच्या बाजूच्या एजंटला, उरले ९,०००. त्यातला ३० टक्के वाटा आपल्या ऑफिसचा. हातात ६,३००. दोन सौद्यांचे १२,६००, वजा ४,८००. निव्वळ फायदा ७,८००! कोण नाही म्हणेल?

पण दोनाऐवजी एकच सौदा झाला तर उरतात १,५००. तेही २४० अनोळखी माणसांना पुन्हा पुन्हा फोन केल्यानंतर. आणि शून्य झाले तर ४,८०० गेले. शिवाय घराची किंमत सहज विचारणारा माणूस घर विकतो ते कदाचित दीड वर्षाने. तोपर्यंत आपलं कंत्राट संपलेलं असतं आणि तो माणूस आपलं नावही विसरलेला असतो.

बाईंचं गाऱ्हाणं नेमकं हेच होतं. निम्म्या लोकांना शेजाऱ्याचं घर कितीला गेलं म्हणून आपल्या घराची किंमत हवी असायची. काही भाडेकरू असायचे. काहींनी अशीच चौकशी तीन ठिकाणी केलेली, त्यामुळे बाईंच्या आधी दोन फोन येऊन गेलेले आणि तिसऱ्यावर भडिमार! तक्रार केली की उत्तर ठरलेलं: लीड चांगलीच होती, तुम्ही फोन उशिरा केलात.

ह्या उत्तरात तथ्य नव्हतं असं नाही. २००७ मध्ये जेम्स ओल्ड्रॉइड ह्या संशोधकाने (हा अभ्यास फक्त घरांच्या धंद्याचा नव्हता) दाखवलं की वेबवरून आलेल्या चौकशीला अर्ध्या तासाऐवजी पाच मिनिटांत फोन केला तर माणूस फोनवर सापडण्याची शक्यता शंभर पट असते. झालं! 'पाच मिनिटं' हा मंत्रच झाला. मुलीचा नाचाचा कार्यक्रम असो की दाताच्या डॉक्टरची खुर्ची, पाच मिनिटांत फोन. एकट्याने धंदा करणाऱ्या बाईंना हे जमणं शक्यच नव्हतं. जमलं ते मदतनीस ठेवणाऱ्या मोठ्या टीमना. पण फी दोघांना सारखीच.

आता माझा गुन्हा. बाईंनी चहा संपता संपता विचारलं, तुमच्याकडे लीड खरी की खोटी हे तपासतात तरी कसं? मला ते पाठ होतं, कारण ते तपासणारं फंक्शन मीच लिहिलं होतं. फोन नंबरात दहा आकडे आहेत का. ईमेलमध्ये 'ॲट' चं चिन्ह आहे का. झिप कोड पाच आकडी आहे का. बस्स. मिकी माउसचा नंबर दहा आकडी असेल तर मिकी माउस पास!

जास्त कडक तपासणी करावी असं मी एकदा मीटिंगमध्ये सुचवलं होतं. नंबर खरंच चालू आहे का बघू, एकाच घराची दुसऱ्यांदा आलेली चौकशी गाळू. उत्तर आलं की त्याने 'व्हॉल्यूम' पडेल. मी मान डोलावली आणि पुढच्या मुद्द्याकडे वळलो. कुणी खलनायक नव्हतं हो तिथे. आमचा डॅशबोर्ड लीड मोजत होता, सौदे मोजत नव्हता, आणि जे मोजलं जातं तेच पिकतं. बाईंना मी हे सगळं सांगितलं नाही. 'फॉरमॅट तपासतो' एवढंच म्हणालो. त्यांनी ते मुकाट्याने ऐकून घेतलं, आणि मला तळघरातला पाण्याचा मुख्य कॉक कुठे आहे ते दाखवलं.

असो. इतिहासाकडे परत येऊ.

त्याच वर्षी, फेब्रुवारी २००६ मध्ये, सिएटलमध्येच झिलो सुरू झालं. रिच बार्टन आणि लॉइड फ्रिंक हे दोघे मायक्रोसॉफ्ट आणि एक्स्पीडियातून आलेले. त्यांनी घराचा अंदाजे भाव सरळ पडद्यावर टाकला, फुकट, फॉर्म न भरता. पहिल्याच दिवशी गर्दीने साइट कोलमडली. ज्या आमिषावर फॉर्म भरून घेतले जात होते ते आमिषच फुकट झालं! हाउसव्हॅल्यूजने २००८ मध्ये नाव बदलून मार्केट लीडर केलं आणि एजंटांना सॉफ्टवेअर विकण्यावर भर दिला. २०१३ मध्ये ती कंपनी ट्रुलियाने घेतली, आणि ट्रुलिया २०१५ मध्ये झिलोच्या पोटात गेली.

पण झिलोचा धंदा तरी कशावर? एजंटांच्या जाहिरातींवरच. इथून गाऱ्हाण्याचं दुसरं पर्व सुरू होतं, आणि ते पहिल्यापेक्षा जास्त झोंबणारं आहे. जास्त लोकांना दिसावं म्हणून दलालांनी आपली घरं, फोटो, वर्णनं ह्या साइटना स्वतःहून दिली. आणि तिथे त्यांच्याच घराशेजारी, झिप कोडमध्ये पैसे भरलेल्या दुसऱ्या एजंटांचे हसरे फोटो झळकू लागले. घर माझं, फोटो मी काढलेले, आणि 'चौकशी करा' दाबलं की फोन जातो तिसऱ्यालाच. माझ्याच घरावरची चौकशी मलाच विकत घ्यावी लागणार! २०११ च्या अखेरीस मिनेसोटातल्या एडिना रिअल्टीने ट्रुलिया आणि रिअल्टर डॉट कॉमला घरं देणं थांबवायचं ठरवलं. पण घर विकणारा मालक विचारणारच ना, माझं घर तिथे दिसत का नाही? मालकाच्या ह्या एका प्रश्नामुळे बाकीच्या बहुतेकांना ती हिंमत झाली नाही.

आणखी एक गंमत. २०१८ मध्ये झिलोने लीड आधी फोनवरून पारखून मगच एजंटला जोडायला सुरुवात केली. म्हणजे मी मीटिंगमध्ये सुचवलं होतं त्याहूनही पुढचं. लीडची संख्या घटली, आणि एजंटांनी तक्रार केली की लीड कमी झाल्या! अनेकांनी जाहिराती बंद केल्या, आणि कंपनीला फेरबदल करावे लागले. तेव्हा व्हॉल्यूमचा मोह फक्त विकणाऱ्याला होता असं म्हणता येत नाही.

मग आली 'फ्लेक्स' पद्धत. आधी काही भरायचं नाही, सौदा झाला तर हिस्सा द्यायचा. म्हणजे फिरून होमगेनच्याच जागी. एजंट वर्षानुवर्षं हेच मागत होते ना, की धोका कंपनीनेही घ्यावा? मिळालं. पण हिस्सा काही ठिकाणी दलालीच्या एक-तृतीयांशाहून जास्त. आणि ज्याने धोका घेतला तो मालकासारखा वागणारच: फोन किती वेळात उचललात, किती सौदे केलेत ह्याचे मार्क, मार्क पडले की लीड बंद. २०२४ मध्ये संघटनेने दलालीच्या खटल्यात ४१.८ कोटी डॉलर द्यायचं कबूल केलं, आणि घर घेणाऱ्याशी दलालीचा लेखी करार आधीच करण्याचा नियम आला. आता गिऱ्हाईक विचारू शकतो, अडीच-तीन टक्के कशाचे? त्यातला एक-तृतीयांश नुसत्या ओळखीचा, हे सांगताना एजंटची जीभ अडखळत असेल.

सव्वाशे वर्षांच्या ह्या गोष्टीत मला एकच धागा दिसतो. दलालाची कमाई घर दाखवण्याची कमी आणि दार पहिल्यांदा कुणाच्या हातून उघडतं ह्याची जास्त. पुस्तक होतं तोवर ते दार दलालांकडे होतं, आणि त्यांनी त्याचं भाडं गिऱ्हाइकाकडून भरपूर घेतलं. इंटरनेटने दार उचलून दुसऱ्याला दिलं, आता तो दलालाकडून भाडं घेतो. न्याय म्हणाल तर आहेही. पण ही किंमत ज्यांनी मोजली त्यांत मोठी ऑफिसं कमी, आणि गाडीत मोजपट्टी-टॉर्च ठेवणारी एकटी माणसं जास्त.

आमच्या बाईंनी २००८ च्या मंदीत परवाना परत केला. त्या एकट्या नव्हत्या. २००६ मध्ये संघटनेचे १३ लाखांवर सभासद होते, २०१२ पर्यंत ते १० लाखांच्या आसपास आले. लीडच्या कंपनीमुळे बाई धंद्यातून गेल्या असं मी म्हणणार नाही, घरंच विकली जात नव्हती. पण शेवटच्या फोनवर त्या म्हणाल्या होत्या की वर्षभराची ती फी हातात असती तर अजून दोन-तीन महिने काढता आले असते.

ते फंक्शन बारा ओळींचं होतं. त्यानंतर कुठल्याही मीटिंगमध्ये 'व्हॉल्यूम पडेल' हे शब्द ऐकले की मी एक प्रश्न विचारतो: ह्याचे पैसे कोण भरतंय, आणि त्याला काय मिळतंय? उत्तर मिळेपर्यंत पुढच्या मुद्द्याकडे वळत नाही. सहकारी वैतागतात. वैतागू देत.

पुढच्या शनिवारी भेटूच.