खून मान्य, जात अमान्य!

२९ सप्टेंबर २००६. भंडारा जिल्ह्यातील मोहाडी तालुक्यातल्या खैरलांजीत जमावाने सुरेखा, प्रियंका, रोशन आणि सुधीर भोतमांगे यांचा खून केला. भैयालाल भोतमांगे एकटे उरले. २० जानेवारी २०१७ रोजी ते वारले; तोवर दहा वर्षे ते न्याय मागत राहिले.

एकटे उरलेल्यांचे गाणे स्पेनच्या अंदालुसियातही आहे. फ्लामेंकोतल्या 'सोलेआ' या प्रकाराचे नावच एकटेपणावरून पडले. ही परंपरा घडवण्यात हितानो, म्हणजे तिथल्या रोमा समाजाचा मोठा वाटा. १७४९ मध्ये राजाज्ञेने हजारो हितानोंना पकडले, स्त्री-पुरुषांना वेगवेगळे डांबले. तुरुंगातले दुःख सांगणारी 'कार्सेलेरा' ही गाणी याच परंपरेतली. २०१० मध्ये युनेस्कोने फ्लामेंकोला मानवतेच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतले. रसिक त्या आर्त आवाजाला टाळ्या देतात. तो आवाज आर्त कुणी केला, हे मात्र फारसे कुणी विचारत नाही.

आपल्यापुढेही तोच धोका आहे. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवले, पण ॲट्रॉसिटी कायद्याखाली नाही. म्हणजे खून मान्य, जात अमान्य! अशा वेळी नुसते हळहळणारे गाणे पुरत नाही. आंबेडकरी जलशाने लोकांपुढे दुःख मांडले, तसे त्या दुःखाचे कारणही ठणकावून सांगितले. म्हणून तरुणांनो, खैरलांजीवर गाल तेव्हा गावाचे नाव, तारीख आणि जात गाण्यात राहू द्या. कारण वगळलेला शोक अत्याचाऱ्यालाही गोड लागतो.

जय भीम!