बेडूक गल्लीची कीर्द-खतावणी

बी.कॉम.ला आम्हांला 'सहकार' हा विषय होता आणि त्यात एक टीप हमखास यायची : 'रॉशडेलचे प्रवर्तक'. मार्क पाच. १८४४ साल, २८ विणकर, २८ पौंड भांडवल, एका माणसाला एक मत, नफ्याची वाटणी खरेदीच्या प्रमाणात. आजही मला कोणी मध्यरात्री उठवून विचारलं तरी मी ही टीप सांगून पुन्हा झोपू शकेन. मात्र हे गाव कुठे आहे, तिथे पाऊस पडतो का, आणि घरात पीठ नसताना नवरा भांडवल गोळा करायला निघाला तेव्हा बायको काय म्हणाली, याला मार्क नव्हते.

हिचा भाऊ मँचेस्टरला डॉक्टर आहे. त्याच्याकडे गेलो तेव्हा मी म्हटलं, मला रॉचडेलला जायचंय. (गावाचं खरं नाव हे. 'रॉशडेल' हा फ्रेंच नखरा आमच्या क्रमिक पुस्तकाचा.) तो म्हणाला, "भावोजी, तिथे काय आहे?" मी म्हटलं, "दुकान." हे ऐकल्याबरोबर ही तयार झाली. दुकान १८४४ सालचं आहे हे मी गाडी सुरू झाल्यावर सांगितलं.

मँचेस्टरपासून पंधरा-सोळा किलोमीटर. दुकान आहे टोड लेनवर, म्हणजे शब्दशः बेडूक गल्लीत. बेडकांचा तसा काही संबंध नाही. 'द ओल्ड लेन'चा तिकडच्या बोलीत 'टाउड लेन' झाला आणि पुढे कोणा शहाण्या कारकुनानं तो कागदावर 'टोड' करून टाकला, असं सांगतात. मला हे लगेच पटलं. कारकुनाच्या हातून अजरामर झालेली अशी कितीतरी आडनावं आमच्या खातेपुस्तकांत आहेत.

१९३१ सालापासून दुकानाचं म्युझियम झालं आहे. आत पिंपं, तराजू, लाकडी फळ्या. २८ जणांत सगळे विणकर नव्हतेच, हे तिथे कळतं. चांभार होते, सुतार होते, टोप्या करणारे होते. भांडवल जमवलं आठवड्याला दोन-तीन पेन्स घरोघर फिरून गोळा करत. आमच्या भाषेत पिग्मी ठेव! २१ डिसेंबर १८४४च्या संध्याकाळी दुकान उघडलं. माल काय, तर २८ पौंड लोणी, ५६ पौंड साखर, सहा हंड्रेडवेट पीठ, ओटच्या भरडीचं एक पोतं आणि थोड्या मेणबत्त्या. एकूण किंमत १६ पौंड ११ शिलिंग ११ पेन्स. हा आकडा वाचून मला गहिवरून आलं. एक पेनी घालून बारा शिलिंगांचा पूर्णांक करण्याचा मोह ज्यांनी टाळला, ते हिशेब खरे. पूर्णांकात आलेला हिशेब बँकेतला माणूस दोनदा तपासतो. दाराबाहेर गिरणीतली पोरं जमून टिंगल करत होती. आत नियम एकच : उधारी बंद. 'आज रोख, उद्या उधार' ही आपल्याकडची पाटी तिथे विनोदासाठी नव्हती. गावातले बाकीचे दुकानदार पिठात खडू मिसळत आणि गिऱ्हाइकाला उधारीत अडकवून ठेवत, त्याला हा उतारा होता.

इथपर्यंत पाच मार्क. पाठ्यपुस्तकानं गाळलेली गोष्ट पुढे आहे. याच मंडळींनी १८५४ साली सहकारी सूतगिरणी काढली. नफ्यात भागधारकाबरोबर कामगारालाही वाटा द्यायचा, असं ठरलं. गिरणी चालली. चालल्याबरोबर भागधारक वाढले आणि १८६२ साली त्यांनी रीतसर सभा घेऊन, रीतसर मतदान करून कामगारांचा वाटा रद्द केला. आपल्याकडच्या सहकारी संस्थांच्या वार्षिक सभा ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना यात धक्का बसण्यासारखं काही नाही. पण वर्ष बघा. १८६२. त्या वर्षी लँकेशायरच्या गिरण्यांत वाटण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

ही दुसरी गोष्ट पाहायला गावाबाहेर, रूली मूर नावाच्या उजाड माळावर जावं लागतं. वारा असा, की मेव्हण्याची छत्री उलटी झाली आणि त्यानं इतिहासाबद्दल एक डॉक्टरी शब्द वापरला. माळावरून एक रस्ता जातो. साधा नव्हे, घडीव दगडांची फरसबंदी केलेला, आणि जवळपास घर नाही, दुकान नाही. एवढी मेहनत इथे कोणी आणि कशाला केली? त्याचं नावच 'कापूस-दुष्काळाचा रस्ता'. १८६१ साली अमेरिकेत यादवी सुरू झाली, उत्तरेनं दक्षिणेची बंदरं कोंडली आणि लँकेशायरचा कापूस बंद पडला. १८६२च्या अखेरीला पाच लाखांच्या आसपास माणसं मदतीवर जगत होती. फुकट मदत दिली की माणूस बिघडतो, हा सरकारांचा जुना समज. म्हणून रस्ते, बागा, गटारं काढली. ७२च्या दुष्काळात आपल्याकडे लोकांनी खडी फोडली, तसंच. फरक एवढाच, की हे हात सूत हाताळणारे होते. तुटलेला धागा अंधारात सांधणाऱ्या बोटांना दगड दिला. शेजारच्या ओल्डहॅमची १८६५ साली उघडलेली अलेक्झांड्रा बागही अशाच बेकार हातांची. तिथल्या बाकावर बसून सँडविच खाणाऱ्यांना हे ठाऊक असतंच असं नाही.

तरीही मँचेस्टरच्या कामगारांनी १८६२च्या अखेरीला सभा भरवून लिंकनला पाठिंबा कळवला. गुलामांनी वेचलेला कापूस नको, मग चूल पेटो न पेटो. लिंकननं जानेवारी १८६३मध्ये आभाराचं उत्तर धाडलं. मागोमाग अमेरिकेतून पिठानं भरलेलं जहाज आलं. त्यातलं एक पिंप रॉचडेलनं जपून ठेवलं आहे. सगळेच एवढे थोर नव्हते, हेही सांगायला हवं. स्टॅलिब्रिजला १८६३च्या मार्चमध्ये रोख पैशांऐवजी चिठ्ठ्या वाटल्या, तेव्हा लोकांनी दुकानं फोडली. मला दोन्ही बातम्या खऱ्या वाटतात. पोट एकच असतं.

आणि अमेरिकेच्या जागी कापूस आला कुठून? आपल्याकडून! खानदेशचा, वऱ्हाडचा, गुजरातचा, पण तिकडे सगळ्याचं नाव 'सुरत'. सुरतेचं नाव आपल्याला वेगळ्या कारणानं पाठ आहे, लँकेशायरला या. धागा आखूड, पदोपदी तुटणारा, आणि वजन वाढावं म्हणून व्यापाऱ्यांनी आत घातलेली माती, खडे, पाणी. मजुरी कामाच्या मापावर, म्हणजे धागा तुटला की पगार तुटला. देवळात कापसासाठी प्रार्थना चालू असताना मागून कोणी ओरडलं, देवा, पण सुरत नको, अशी गोष्ट तिकडे सांगतात. 'सुरत' म्हणजे भेसळ, असाच अर्थ झाला. १८६३ साली बिअर बनवणाऱ्या एकानं आपल्याला 'सुरत'वाला म्हटलं म्हणून चक्क कोर्टात दावा लावला. त्याच वर्षी मुंबई सरकारला कापसातल्या भेसळीविरुद्ध कायदा करावा लागला.

आता खतावणीचं दुसरं पान उघडा. जमेशिवाय नावे नाही, हे आम्हां बँकवाल्यांचं गायत्री मंत्रासारखं आहे. लँकेशायरच्या नावे जे पडलं ते मुंबईच्या जमेला आलं. कापसाचे भाव कडाडले आणि मुंबईत पैशाचा पूर आला. बॅक बे रेक्लमेशनचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांच्या घरात गेला. प्रेमचंद रायचंदांनी १८६४ साली मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी आणि मनोऱ्यासाठी मिळून चार लाख रुपये दिले. आईच्या नावाचा तो राजाबाई टॉवर. याच विद्यापीठाची पदवी माझ्या भिंतीवर टांगली आहे. रूली मूरच्या दगडांवर उभं राहून मला तो मनोरा दिसायला लागला. एकाच व्यवहाराच्या दोन नोंदी, आणि माझ्या पुस्तकात त्यातली एकही नव्हती.

एप्रिल १८६५मध्ये अमेरिकेतलं युद्ध संपत आलं. लँकेशायरला हायसं वाटलं आणि मुंबईत कापसाचे भाव कोसळले. शेअर रद्दीच्या भावाचे झाले. शेअरच तारण घेऊन कर्जं वाटणारी बँक ऑफ बॉम्बे १८६८ साली गुंडाळली. १६ पौंड ११ शिलिंग ११ पेन्सांचं ते दुकान त्याच्या आदल्याच वर्षी बेडूक गल्लीतच नव्या, भल्यामोठ्या इमारतीत गेलं होतं. उधारी तिथेही बंदच होती. म्युझियममध्ये हिला साबणाची एक वडी आवडली. मी कार्ड काढलं, तर मेव्हणा म्हणाला, "भावोजी, इथे तरी रोख द्या."