शिस्त आणि संयम : मावळातील दोन शिक्षणसंस्थांच्या संदर्भात

तळेगाव दाभाडे येथील समर्थ विद्यालय १९१० मध्ये सरकारी रोषामुळे बंद पडले. विद्यार्थ्यांना शिस्त नाही, असा आक्षेप या शाळेवर कोणी घेतला नव्हता. शिक्षकांचा शब्द विद्यार्थी मनापासून मानीत आणि राज्यकर्त्यांना नेमके तेच खुपत होते. शिस्त कोणाची आणि कशासाठी, हा प्रश्न महाराष्ट्रातील शिक्षणाच्या इतिहासात इतक्या उघडपणे क्वचितच उभा राहिला असेल. पुढे चौदा वर्षांनी त्याच लोहमार्गावर, घाटमाथ्याच्या कडेला, लोणावळ्यास कैवल्यधाम ही संस्था निघाली आणि तोच प्रश्न एका वेगळ्या अंगाने पुन्हा पुढे आला. दोन्ही संस्थांचे हेतू भिन्न होते. तथापि बाहेरून लावलेली शिस्त आणि आतून आलेला संयम यांचा संबंध तपासण्यास या दोन उदाहरणांचा एकत्र विचार उपयोगी पडतो.

प्रथम शब्दांविषयी थोडेसे. मराठीतील ‘शिस्त’ हा शब्द फारसीतून आला असून त्याचा जुना अर्थ नेम धरणे असा आहे. रांग, नेम, हुकूम ही सारी लष्करी परिवारातील मंडळी त्याच्या आसपास वावरतात. संस्कृत परंपरेतील ‘विनय’ हा शब्द निराळ्या वाटेने जातो. कौटिल्याच्या अर्थशास्त्राचे पहिले अधिकरणच विनयाचे आहे. तेथे विनय कृतक व स्वाभाविक असा दोन प्रकारचा मानला असून त्याचे मूळ इंद्रियजयात शोधले आहे. मराठी शाळेने शब्द स्वीकारला तो शिस्तीचा, आणि साधन स्वीकारले ते छडीचे. पंतोजीच्या शाळेतील अंगठे धरणे, उठाबशा, कान पिळणे हे प्रकार इंग्रजी अमदानीतील शाळांतही सुखाने नांदत राहिले. त्यांत भर पडली ती हजेरीपट, तपासनीस आणि अनुदानाचे नियम यांची.

विसाव्या शतकाच्या आरंभी या शिस्तीला राजकीय धार आली. मे १९०७ मध्ये हिंदुस्थान सरकारच्या गृहखात्याचे सचिव रिस्ले यांचे परिपत्रक निघाले. विद्यार्थ्यांना राजकीय सभांपासून दूर ठेवणे हे शाळांचे कर्तव्य ठरविण्यात आले आणि ते न पाळणाऱ्या संस्थांच्या सवलती काढून घेण्याची तरतूद झाली. म्हणजे विद्यार्थ्याने शिक्षकाचे, शिक्षकाने चालकांचे आणि चालकांनी सरकारचे ऐकावे, अशी ही उतरंड होती. तीत ‘सुशील विद्यार्थी’ याचा अर्थ ‘सभेस न गेलेला विद्यार्थी’ एवढाच उरला.

समर्थ विद्यालयाची कल्पना विष्णु गोविंद विजापूरकर (१८६३–१९२६) यांची. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयातील हे प्राध्यापक. १८९४ पासून ‘ग्रंथमाला’ चालवून शास्त्रीय व ऐतिहासिक वाङ्मय मराठीत आणण्याचा उद्योग त्यांनी आरंभिला होता. कोल्हापुरास १९०६ मध्ये सुरू झालेले विद्यालय पुढे तळेगावास आले. लोकमान्य टिळकांचा त्यास पाठिंबा होता. १९०८ मध्ये बार्शी येथे टिळकांनी राष्ट्रीय शिक्षणावर जे व्याख्यान दिले, त्यात धर्मशिक्षण, परभाषेचा भार कमी करणे, औद्योगिक शिक्षण आणि राजकीय शिक्षण अशी चार अंगे सांगितली होती. या चारांपैकी दुसऱ्या आणि तिसऱ्या अंगाचा वर्गातील वर्तनाशी फार निकटचा संबंध आहे, आणि त्याकडे अभ्यासकांचे लक्ष जावे तितके गेलेले नाही.

परभाषेचा भार म्हणजे केवळ पाठांतराचे ओझे नव्हे. जो विषय मुलास कळत नाही त्यात त्याचे मन रमत नाही, आणि न रमलेले मन आवरण्यास शिक्षकाला धाक लागतो. इंग्रजी शब्दांतून इतिहास-भूगोल शिकविणाऱ्या वर्गात छडीचे महत्त्व वाढले याचे कारण शिक्षकांचा स्वभाव तापट होता असे नसून, समजूत घालण्याचे साधन, म्हणजे भाषाच, त्यांच्या हातून काढून घेतली होती, हे आहे. मराठीतून शिकविण्याचा विजापूरकरांचा आग्रह या दृष्टीने पाहिला असता तो विद्यार्थ्याच्या बुद्धीस दिलेला मान ठरतो. ज्याला प्रश्न विचारता येतो त्याला गप्प बसविण्याची गरज कमी पडते.

औद्योगिक शिक्षणाची गोष्टही अशीच. याच तळेगावात १९०८ मध्ये पैसा फंडाचा काच कारखाना निघाला. घरोघरचा एकेक पैसा गोळा करण्याची अंताजी दामोदर काळे यांची कल्पना आणि ईश्वरदास वार्ष्णेय यांचे तंत्रज्ञान यांतून तो उभा राहिला. तेथे काम शिकून पडलेले कारागीर पुढे अन्यत्र गेले. भट्टीतील वितळलेल्या काचेसमोर उभ्या राहिलेल्या उमेदवाराला वेळ पाळण्याचा उपदेश करावा लागत नाही. काच थांबत नाही, आणि हात थरथरला तर नग वाया जातो. चूक कोठे झाली हे वस्तूच सांगते. सांगताना ती अपमान करीत नाही. ज्या शिक्षणात हाताला काम आहे तेथे शिस्तीचा पुष्कळसा भार कामच उचलते, हे सूत्र पुढे मूलोद्योग शिक्षणाच्या पुरस्कर्त्यांनी विस्ताराने मांडले.

आणखी एक अंग शिक्षकांच्या आचरणाचे. वामन मल्हार जोशी (१८८२–१९४३) यांच्यासारखा एम. ए. झालेला तरुण सरकारी नोकरीची वाट सोडून या विद्यालयात आला. ‘विश्ववृत्त’ मासिकात पंडित सातवळेकरांचा ‘वैदिक प्रार्थनांची तेजस्विता’ हा लेख आल्यावर खटला झाला, आणि विजापूरकर व जोशी दोघांनाही तीन वर्षांचा कारावास सोसावा लागला. आपण जे शिकवितो त्याची किंमत देणारा शिक्षक वर्गात आला की त्याला आवाज चढवावा लागत नाही. याच काळात बडोद्याच्या गंगनाथ विद्यालयात शिक्षकांना नात्यांची नावे देण्याची पद्धत होती. दत्तात्रेय बाळकृष्ण कालेलकर तेथे ‘काका’ झाले, विठ्ठल लक्ष्मण फडके ‘मामा’ झाले, आणि ती नावे त्यांस जन्मभर चिकटली. काकाला भ्यावे लागत नाही, पण काकासमोर खोटे बोलणेही जड जाते. राष्ट्रीय शाळांनी शिस्तीचे मूळ दंडातून काढून नात्यात रोवले, असे यावरून म्हणता येईल.

या चित्राची दुसरी बाजू झाकून ठेवणे योग्य होणार नाही. राष्ट्रीय शिक्षणाची ही चळवळ मुख्यतः पांढरपेशा वर्गाची होती. नात्याचे वर्तुळ घरच्या वर्तुळाबाहेर फारसे गेले नाही. सर्व जातींची मुले एका पंगतीस बसवून, स्वयंपाकापासून शेतकामापर्यंतची जबाबदारी त्यांच्यावरच टाकण्याचे काम १९१९ मध्ये स्थापन झालेल्या रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहांनी, कर्मवीर भाऊराव पाटलांच्या हातून केले. शिवाय व्यक्तीच्या तेजावर उभी राहिलेली शिस्त ती व्यक्ती तुरुंगात गेली की पोरकी होते. तळेगावच्या संस्थेचे पुढे नव्याने पुनरुज्जीवन झाले खरे. पण पहिल्या विद्यालयाचे आयुष्य चार-पाच वर्षांचेच ठरले.

लोणावळ्याचा प्रवाह उगम पावतो तोही बडोद्यास. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद (१८८३–१९६६), यांनी राजरत्न माणिकराव यांच्याकडे व्यायामाचे शिक्षण घेतले. नंतर अमळनेर येथे ते राष्ट्रीय महाविद्यालयात अध्यापक होते. १९२४ मध्ये त्यांनी लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिले आणि ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक काढून आसने व क्रिया यांचा शरीरशास्त्राच्या साधनांनी अभ्यास आरंभिला.

कुवलयानंदांपुढील अडचण मोठी मार्मिक होती. माणिकरावांच्या परंपरेतील संघव्यायाम हुकमावर चालतो. शंभर मुले एका शब्दासरशी हात वर करतात. योगशास्त्राचा दंडक याच्या उलट. आसनात स्थैर्य यावयाचे ते प्रयत्न सैल केल्याने, प्रयत्नशैथिल्याने. आणि श्वासावर बळजबरी करू नये, ही सूचना त्यांच्या लेखनात वारंवार येते. ‘यौगिक संघ व्यायाम’ (१९३६) या पुस्तकात त्यांनी आसने शाळेतील गटासाठी हुकमांच्या चौकटीत बसविली. संयुक्त प्रांतातील शाळांत त्यांची पद्धती गेली, आणि १९३७ नंतर मुंबई इलाख्यातील शारीरिक शिक्षणाच्या धोरणावरही त्यांचा प्रभाव पडला. हुकमाने मूल आसनात बसते. बसल्यावर आत काय घडावे, यावर हुकमाची सत्ता नाही. कुवलयानंदांनी ही विसंगती सोडविली असे म्हणणे धाडसाचे होईल. त्यांनी तिला व्यवहारात एक मर्यादा घातली: ताण जाणवला की थांबावे, आणि ताण जाणवला की नाही हे ठरविणार ज्याचे शरीर तोच. हुकूम देणाऱ्याच्या अधिकारास शिकणाऱ्याच्या अनुभवाने घातलेली ही सीमा शाळेच्या इतर तासांतही आली असती तर पुष्कळ काही बदलले असते.

कुवलयानंदांनी सोडलेल्या अमळनेरातच १९२४ पासून साने गुरुजी शिक्षक होते आणि छात्रालय सांभाळीत होते. मुलाने खोली झाडली नाही तर ते स्वतः झाडीत. ‘छात्रालय’ हे हस्तलिखित दैनिक मुलांसाठी लिहीत. १९३० मध्ये सत्याग्रहासाठी त्यांनी नोकरी सोडली तेव्हा हाही प्रयोग संपला. तळेगावासारखीच येथेही शिस्त व्यक्तीबरोबर आली आणि व्यक्तीबरोबर गेली. कैवल्यधामाने मात्र योगशिक्षकांच्या प्रशिक्षणाचे महाविद्यालय काढून पद्धती टिकविण्याचा यत्न केला, हा भेद लक्षणीय आहे.

स्वातंत्र्यानंतर विद्यार्थ्यांच्या बेशिस्तीची चर्चा देशभर सुरू झाली. मुदलियार आयोगाने (१९५२–५३) शिक्षक-विद्यार्थी यांचा निकट सहवास व विद्यार्थ्यांचे स्वशासन यांवर भर दिला. त्याच सुमारास, १९५४ मध्ये, आझाद हिंद सेनेतील जनरल जगन्नाथराव भोसले यांनी दिल्लीच्या कस्तुरबा निकेतनातील निर्वासित मुलांपासून राष्ट्रीय शिस्त योजना सुरू केली. कवाईत आणि गाणी यांनी उद्ध्वस्त मुलांना उभे करण्यात तिचे आरंभीचे यश खरे होते. योजना देशभर पसरली तेव्हा मात्र कवाईत उरली. कुंझरू समितीच्या शिफारशीनंतर १९६५ मध्ये ती राष्ट्रीय फिटनेस कोअरमध्ये विलीन झाली.

छडीविरुद्ध कायदा येण्यास आणखी बराच काळ लागला. १९८६ च्या राष्ट्रीय धोरणाने शारीरिक शिक्षेस शिक्षणातून वगळण्याचे म्हटले, आणि २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ दोन्ही निषिद्ध ठरविले. या कलमाने शिक्षकाच्या हातून एक साधन काढून घेतले आहे. त्या जागी काय यावे याची तरतूद कलमात नाही. भाषा, काम, नाते आणि शिकणाऱ्याला आपला ताण स्वतः ओळखू देणे ही तळेगाव-लोणावळ्याची सामग्री अध्यापक महाविद्यालयांच्या अभ्यासक्रमात आजही व्यायामाच्या आणि इतिहासाच्या वेगवेगळ्या पत्रिकांत विखुरलेली आढळते.