तिथीची पाऊणपट

वैशाख शुद्ध एकादशी, साल 1949. तुम्ही भाऊच्या धक्क्यावर उभे आहात आणि हालायला जागा नाही. गिरणीत, गोदीत, छापखान्यात वर्षभर राबलेला कोकणी माणूस आज गावी निघाला आहे. पत्र्याच्या ट्रंका, दोरीने करकचून बांधलेल्या वळकट्या, जपून वाचवलेली साखर, आईसाठी लुगडं. मोसम संपत आला आहे. आगोट लागली की आगबोटी बंद होतील, त्या पार पावसाळा सरेपर्यंत. म्हणून ही गर्दी. गेल्या जूनमध्ये पुणे-नगर मार्गावर एस.टी.ची पहिली गाडी धावली खरी; पण हर्णैला जायचं म्हटल्यावर या माणसांच्या मनात आज तरी बोटच येते.

बोटीवर चढलात की आधी पथारी टाका, सोबतची माणसं मग शोधा. डेकवर सतरंजी अंथरली तेवढी जागा तुमची. शेजारच्या म्हाताऱ्या आजी तुमच्याकडे नीट बघून घेतात आणि कनवटीची आवळकाठी पुढे करतात. "तोंडात धर बाळा. बोट लागायची नाही." तुम्हाला अजून काही होत नाहीये, तरी घ्या. प्राँग्जचा दीपस्तंभ मागे पडला की पायाखालचं लाकूड एका बाजूने वर येऊ लागतं, मग दुसऱ्या बाजूने. तेव्हा त्या आवळकाठीचा आंबट-खारट रस उपयोगी पडतो.

थोड्याच वेळात डेकवरची बडबड आपोआप कमी होते. काहीजण डावीकडे, रेवसच्या दिशेने बघत हात जोडतात. काशाचा खडक तिकडे आहे. 17 जुलै 1947 रोजी 'रामदास' बोट तिथे उलटली आणि सहाशेहून अधिक माणसं बुडाली. अजून दोन वर्षंही पुरी झालेली नाहीत. या डेकवर असं घर विरळाच, ज्याच्या ओळखीतलं कुणी त्यात गेलं नाही. आजी काही बोलत नाहीत. नुसत्या नातवाचं मनगट धरून ठेवतात, आणि पाणी मोकळं लागेपर्यंत सोडत नाहीत. तरीही त्या बोटीनेच निघाल्या आहेत. या किनाऱ्यावरच्या माणसाला समुद्रावर रुसून बसण्याची सोय कधीच नव्हती.

मग एकामागून एक जलदुर्ग येऊ लागतात. खांदेरी आणि उंदेरी, तोफेच्या टप्प्यात एकमेकींसमोर. 1679 मध्ये शिवाजी महाराजांनी खांदेरीवर बांधकाम काढलं, आणि त्याला शह म्हणून सिद्दीने लगेच पुढच्या वर्षी उंदेरी बळकावली. कोर्लईचा डोंगर समुद्रात घुसलेला. जंजिरा, आणि त्याच्यावर नजर ठेवून असलेला पद्मदुर्ग. जंजिऱ्याचं संस्थान गेल्याच वर्षी मुंबई प्रांतात विलीन झालं. डेकवरचा एक मास्तर ते आपल्या मुलाला समजावून सांगतो आहे आणि मुलाचं सगळं लक्ष पाण्याकडे. "गादा! गादा!" तो ओरडतो. काळी चकचकीत पाठ पाण्याबाहेर येते, गोल फिरते, आत जाते. डॉल्फिनांचा कळप बोटीला समांतर चालला आहे. मास्तरांचा इतिहास तिथेच संपतो.

समुद्रावरून कोकण कसं दिसतं ते डोळे भरून बघून घ्या. खाली पुळणीची पांढरी रेघ, तिच्यावर माडांची हिरवी, त्यावर जांभ्याचा तांबडा सडा, आणि सगळ्यांत मागे सह्याद्री, इतका पुसट की आहे म्हटलं तर आहे. तुमच्या काळात तुम्ही गाडीने घाट उतरून येता. आधी बाजारपेठ लागते, मग घरांच्या पाठी, मग गाडी उभी करायची जागा, आणि शेवटी समुद्र. म्हणजे गावात तुम्ही मागच्या दाराने शिरता. मला हे फार मोठं नुकसान वाटतं. ही गावं समुद्राकडे तोंड करून वसली आहेत, आणि समोरून भेटल्याखेरीज त्यांची ओळख होत नाही.

हर्णै आलं. सुवर्णदुर्ग डाव्या हाताला, पाण्यात पाय रोवून. एप्रिल 1755 मध्ये इंग्रजांच्या कमोडोर जेम्सने तो तुळाजी आंग्र्यांकडून घेतला, पेशव्यांच्या संमतीने. मराठ्यांनीच मराठ्यांचं आरमार खच्ची करायला परक्याचा हात धरला, तो या पाण्यात. किल्ल्याचा तट आजही धड उभा आहे आणि ते बघून जास्तच वाईट वाटतं.

भोंगा वाजतो. बोट खोल पाण्यातच थांबते; किनाऱ्याला लागेल असा धक्का इथे नाही. किनाऱ्याकडून पडाव येतात, वल्ह्यांचा एकच ताल धरून. आता शिडीवरून उतरायचं. पडाव लाटेबरोबर पुरुषभर वर येतो आणि तेवढाच खाली जातो. वर आला की पाऊल टाकायचं, खाली जाताना नाही. तांडेल खालून बघतो आहे. "थांबा... थांबा... आता!" तुमचा दंड कुणीतरी पकडलेला असतो आणि तुम्ही मासळीचा वास मारणाऱ्या ओल्या फळीवर उभे असता. तुमच्यामागून ट्रंका येतात, मग आजी, मग नातू. नातू चक्क हवेतून येतो, एका खलाशाच्या हातून दुसऱ्याच्या हातात. या खलाशांचं कौतुक कुठल्याही बखरीत नाही. पिढ्यान्‌पिढ्या त्यांनी या किनाऱ्यावरची लेकरं, गरोदर बायका, आजारी माणसं अशीच झेलली.

पडावही काठाला लागत नाही, कारण ओहोटी नुकती फिरली आहे. इथला हिशेब तोंडपाठ करून घ्या: तिथीची पाऊणपट. आज एकादशी. अकराची पाऊणपट सव्वाआठ. म्हणजे सकाळी सव्वाआठच्या सुमाराला भरती पूर्ण, दुपारी सव्वादोनला पाणी पुरतं उतरलेलं, आणि रात्री पुन्हा भरती. घड्याळ नसलेला तांडेलही यावर कामं लावतो, पंचांग तेवढं डोक्यात असलं म्हणजे झालं. तुम्ही टळटळीत दुपार कलल्यावर आला आहात, त्यामुळे शेवटचं अंतर पाण्यातून. आजी एका खलाशाच्या खांद्यावर बसून निघतात, राणीसारख्या ताठ. तुम्ही धोतर खोचा आणि चालत या. पाणी गुडघ्याला कोमट लागतं.

आणि समोर सगळं गाव उभं आहे. टपालाची पिशवी घ्यायला आलेला माणूस, हमाल, गाडीवान, उघडी पोरं, आणि जरा मागे, माडाच्या सावलीत, डोक्यावरून पदर घेतलेल्या बायका. त्या पुढे येत नाहीत. पडावातली तोंडं एकेक करून तपासतात. ज्यांचा माणूस आला त्या लगबगीने घरी वळतात, भात टाकायला. ज्यांचा आला नाही त्या दुसरा पडाव येईपर्यंत थांबतात. पुळण ही या गावाची ओटी आहे: पाहुणा इथेच येतो, मासळी इथेच विकली जाते, जाळी इथेच विणली जातात, आणि निरोपही इथेच द्यायचे असतात.

मुक्काम मुरूडला, हर्णैच्या दक्षिणेला, सुपारीच्या वाडीतल्या एका घरी. एकादशी म्हणून घरच्यांना वऱ्याचे तांदूळ आणि दाण्याची आमटी. तुम्ही प्रवासातून आलेले, तुमच्यासाठी भात आणि कुळथाचं पिठलं. धोंडो केशव कर्वे याच गावात वाढले. परीक्षेला बसायचं म्हणून पोरवयात ते इथून साताऱ्यापर्यंत पायी गेले होते, घाट चढून, आणि वय कमी दिसतं म्हणून तिथे त्यांना परीक्षेला बसू दिलं नाही. आज ते 91 वर्षांचे आहेत. यजमान ही गोष्ट सांगतात तेव्हा त्यांचा आवाज बदलतो, आपल्याच घरातल्या कुणाचं सांगावं तसा.

द्वादशीला दुपारपर्यंत थांबा. नऊला भरलेलं पाणी उतरू द्या. मग ओल्या, टणक वाळूवरून दक्षिणेला चालू लागा: मुरूडची पुळण, पुढे कर्द्याची. ऊन कडक आहे पण खारा वारा सुटला आहे. कोरड्या वाळूत मर्यादावेल पसरली आहे, जांभळ्या फुलांची. ओल्या वाळूत खेकड्यांनी बारीक गोळ्यांची नक्षी घातली आहे, आणि तुमची सावली पडताच ते बिळात. इतक्या लांब किनाऱ्यावर माणूस एखादाच. गाड्यांच्या चाकोऱ्या आहेत, पण त्या बैलगाड्यांच्या.

एक दहा-बारा वर्षांचा मुलगा वाळूत काठी खुपसत चालला आहे. कासवाची अंडी शोधतो आहे. मोसम सरत आलाय, पण एखादं घरटं राहिलं असेल तर. सापडली तर रात्री घरात सगळ्यांना पुरतील. तुमच्या ओठावर काहीतरी येतं. 2002 पासून याच तालुक्याच्या शेजारी, वेळासच्या किनाऱ्यावर, चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन ही घरटी जपायला सुरुवात केली, पिल्लं समुद्रात जाताना बघायला लोक लांबून येऊ लागले, हे तुम्हाला ठाऊक आहे. या मुलाला सांगू नका. त्याच्या घरात आज किती ताटं आहेत आणि किती भात, ते तुम्हाला माहीत नाही. पुढे जी माणसं रात्र रात्र जागून कासवाची अंडी राखतील, ती अशाच घरांतली असणार आहेत. त्याच्याबरोबर थोडं चाला. वाळू काठीला कुठे भुसभुशीत लागते ते तो तुम्हाला दाखवेल.

लाडघरला किनाऱ्याचा रंग बदलतो. लाटांबरोबर तांबडे गुळगुळीत खडे येतात आणि पाण्यावर तांबूस झाक दिसते. लोक त्याला तामसतीर्थ म्हणतात. तिथून पुढची वाट चढउताराची, काही पायी, काही बैलगाडीने. त्रयोदशीच्या संध्याकाळी दाभोळ.

दाभोळला बघून तुम्हाला वाटेल, एवढंच? खाडीच्या तोंडाशी कौलारू घरांचं गाव, काठावर एक देखणी मशीद, समोरच्या अंजनवेलच्या डोंगरावर गोपाळगड. पण बहमनी आणि आदिलशाही काळात हे पश्चिम किनाऱ्यावरचं थोरलं बंदर होतं. अरबस्तानातले घोडे इथे उतरत. रशियाहून आलेला अफनासी निकितिन दख्खन फिरून 1472 च्या सुमाराला इथूनच परतीच्या गलबतावर चढला. डिसेंबर 1508 च्या अखेरीला पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेदाने हे शहर जाळलं; माणसं मारली, घरं पेटवली, आणि तसाच दीवच्या लढाईला गेला. मशिदीच्या पायऱ्यांवर बसा. ती त्यानंतर दीडशे वर्षांनी बांधलेली आहे. जळलेल्या जागी लोक परत आले आणि त्यांनी एवढं सुंदर काही उभारलं, हे मला त्या जाळपोळीइतकंच सांगण्याजोगं वाटतं.

चतुर्दशी. चौदाची पाऊणपट साडेदहा. लाँच सातला सुटते, म्हणजे चढत्या पाण्याचा धक्का मागून मिळत राहतो. वाशिष्ठीचं तोंड रुंद आहे, पुढे दोन्हीकडून डोंगर जवळ येतात. शिडाची गलबतं भरतीबरोबर वर निघाली आहेत, मंगळुरी कौलांनी आणि मिठाने भरलेली; एका गलबतावर चूल पेटली आहे. काठाला तिवरांची झाडी, मुळं चिखलातून वर आलेली. भरती अजून अर्धीच असल्याने चिखलाचे उतार उघडे आहेत. त्यातला एक ओंडका अचानक सरकतो आणि पाण्यात जातो. "सुसर," शेजारचा माणूस शांतपणे म्हणतो, आणि पाण्यात सोडलेला हात तुम्ही झटकन वर घेता.

जसजसे आत जाल तसा खारा वास कमी होतो. भोई छोट्या होड्यांतून जाळी ओढत आहेत. हे पाणी आता जसं आहे तसं नीट बघा. कोयनेचं धरण अजून व्हायचं आहे. 1960 नंतर पोफळीच्या वीजघरातून घाटापलीकडचं पाणी बारा महिने या नदीत येऊ लागेल. आज वैशाखात वरची वाशिष्ठी आटून डोहाडोहांत उरली आहे आणि खाडीत जे काही हलतं ते समुद्राच्या जोरावर. पुढे लोटे-परशुरामला कारखान्यांची वसाहत उभी राहील, आणि याच भोयांची नातवंडं मेलेली मासळी हातात घेऊन दाद मागत फिरतील. आज होडीतल्या पाटीत बोय उड्या मारतो आहे. लाँच जवळून गेली तशी होडी हलते, आणि जाळं ओढणारी बाई तुमच्या सारंगाला मोठ्याने काहीतरी सुनावते.

गोवळकोट. किल्ल्याखालच्या धक्क्यावर पाणी वरच्या पायरीला टेकलं आहे. चिपळूणच्या गाड्या जुंपून तयार. गाडीवान तुमची ट्रंक बघूनच भाडं ठरवतात, तेव्हा बोलणी ती उचलू देण्याआधी करा. सारंग घाई करतो आहे. पाणी फिरायच्या आत त्याला परतीची माणसं आणि मुंबईला जाणाऱ्या आंब्याच्या करंड्या भरून घ्यायच्या आहेत. उशीर झाला तर लाँच वाटेत चिखलात बसेल आणि दाभोळची बोट चुकेल. "उतरा, उतरा! पुढच्याला वाट द्या!" करंड्या तुमच्या डोक्यावरून आत यायला लागल्यासुद्धा.