पेंड आणि परसातले डुक्कर : सामोआच्या नारळाचा इतिहास

वसाहतींच्या इतिहासात निर्यातीचे आकडे विपुल सापडतात. घरच्या जनावराच्या तोंडी काय पडले, याची नोंद मात्र क्वचितच आढळते. नोंद नाही म्हणून तो व्यवहारच नगण्य होता, असे आपण सहज गृहीत धरतो. दक्षिण पॅसिफिकमधील सामोआच्या नारळाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे.

पॉलिनेशियन दर्यावर्दींनी आपल्या होड्यांतून डुकरे आणि कोंबड्या बेटोबेटी नेल्या. सामोआत नारळ हे माणसाचे अन्न तसेच डुकराचेही. पक्व नारळ फोडून त्याच्या वाट्या डुकरांपुढे टाकायच्या, दूध पिळून घेतल्यावर उरणारा चोथाही त्यांनाच द्यायचा, ही रीत. खोबऱ्यात स्निग्धांश भरपूर, प्रथिने मात्र थोडी. त्यामुळे केवळ नारळावर डुक्कर लवकर वाढत नाही. पण ते बाजारासाठी वाढवलेले नव्हतेच. विवाह, अंत्यविधी, कुलप्रमुखाला पदवी देण्याचा समारंभ अशा प्रसंगी ते अर्पण होई, आणि कोणता वाटा कोणाचा हे प्रतिष्ठेनुसार ठरलेले असे. नारळ फार काळ टिकत नाही. डुकराच्या रूपाने तो टिकतो. डुक्कर ही त्या समाजाची चालतीबोलती कणगी होती.

विवाहातील देवघेवीत वधूपक्षाच्या चटया 'तोंगा' या वर्गात, तर वरपक्षाची डुकरे, अन्न, अवजारे 'ओलोआ' या वर्गात मोडत. मार्सेल मोस याने १९२५ च्या आपल्या दानविषयक निबंधात या जोडीची चर्चा केली आहे. पुढे 'ओलोआ' म्हणजे विकत घेतलेला माल असा अर्थ रूढ झाला. आज सामोआत दुकानाला 'फालेओलोआ', म्हणजे ओलोआचे घर, म्हणतात. या अर्थांतरामागे एक आर्थिक इतिहास आहे.

हँबुर्गच्या गोडेफ्रॉय पेढीने १८५७ मध्ये आपिया येथे ठाणे मांडले. आरंभी बेटांवरच तेल काढून ते पिंपांतून जाई. १८६० च्या दशकाच्या अखेरीस पेढीचा प्रतिनिधी थिओडोर वेबर याने सुके खोबरेच युरोपला पाठवण्याची पद्धत रुजवली. या मालाचे 'कोप्रा' हे नाव पोर्तुगीजांमार्फत मल्याळम 'कोप्परा'वरून आले. आपल्या 'खोबऱ्या'शी त्याचे नाते उघड आहे. सुक्या खोबऱ्यात सुमारे ६० ते ६५ टक्के तेल असते. ते साबण-मेणबत्त्यांकडे, पुढे मार्गारीनकडे गेले. उरलेला सुमारे एक तृतीयांश भाग म्हणजे पेंड. तिच्यात २० टक्क्यांच्या आसपास प्रथिने असल्याने ती युरोपातील गोठ्यांत दुभत्या जनावरांपुढे पडू लागली.

येथे विसंगती लक्षात येते. परसातल्या डुकराने खाल्लेला नारळ व्यापाराच्या हिशेबात 'न आलेला माल' ठरतो; तोच नारळ हजारो मैल जाऊन, पेंड होऊन गाईच्या तोंडी पडला की तो 'उत्पादन' होतो. शेवट दोन्हीकडे जनावराच्या पोटात आहे. फरक एवढाच, की पहिल्या व्यवहाराचे फळ गावाच्या समारंभात वाटले जाते, दुसऱ्याचे पेढीच्या नफ्यात जमा होते.

१९०० मध्ये पश्चिम सामोआ जर्मन वसाहत झाली. गव्हर्नर विल्हेल्म झोल्फ याने दरवर्षी ५० नारळ लावण्याची सक्ती सामोअन कुटुंबप्रमुखांवर केली. झाड लावायचे सामोअनांनी, भाव ठरवायचा व्यापाऱ्यांनी, अशी ही रचना होती. १९०४-०५ मध्ये आपले खोबरे आपणच विकण्यासाठी सामोअन पुढाऱ्यांनी सहकारी कंपनीचा घाट घातला, तेव्हा तिचे नाव 'ओलोआ' असेच होते. झोल्फने ती चळवळ मोडून काढली. १९१४ मध्ये न्यूझीलंडचा अंमल आला. स्वातंत्र्य १९६२ चे.

१८९४ मध्ये मृत्यू येईपर्यंत सामोआत राहिलेल्या रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनची 'द बीच ऑफ फालेसा' ही कथा वर्गात शिकवताना हा संदर्भ उपयोगी पडावा. बेट काल्पनिक आहे, पण निवेदक खोबऱ्याचा व्यापारी आहे. त्या जगाकडे आपण त्याच्या तराजूच्या बाजूने पाहतो. त्या तराजूत कधीच न पडलेल्या नारळांचाही एक इतिहास आहे, आणि तो वाचायचा तर परसातल्या डुकरापासूनच सुरुवात करावी लागेल.