औषधानुपालन, क्षयरोगातील
औषधानुपालन, क्षयरोगातील : वैद्याने ठरवून दिलेले औषध नेमलेल्या मात्रेत व नेमलेल्या मुदतीपर्यंत रुग्णाने घेणे, यास औषधानुपालन म्हणतात. हा प्रश्न वैद्यकाइतकाच जुना आहे. हिपॉक्राटीझ यांच्या नावावर असलेल्या ग्रंथसमूहातील ‘डेकोरम’ या लेखात, रुग्ण औषध न घेताच घेतल्याचे सांगतात, असा इशारा वैद्यास दिलेला आढळतो. चरकसंहितेत रुग्णाच्या चार गुणांमध्ये निर्देशकारित्वाचा, म्हणजे सांगितल्याप्रमाणे वागण्याचा, समावेश आहे. मात्र तेथेच वैद्य, औषध व परिचारक यांचेही गुण सांगितले आहेत, याचा पुढे बराच विसर पडला.

आधुनिक काळात हा प्रश्न क्षयरोगात विशेष तीव्रतेने जाणवला. स्ट्रेप्टोमायसिनाचा शोध १९४३ मध्ये लागला. परंतु ते एकटे दिल्यास जंतू औषधाला दाद देईनासे होतात, असे लवकरच दिसून आले. त्यामुळे पॅरा-ॲमिनोसॅलिसिलिक अम्ल (पास) आणि १९५२ पासून आयसोनियाझिड यांची जोड देऊन उपचार वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ चालू ठेवणे आवश्यक ठरले. खोकला व ताप काही आठवड्यांतच उतरतात, जंतू मात्र उरतात. बरे वाटत असताना औषध घेत राहणे कोणासही कठीण. त्यातून ‘पास’ रोज कित्येक ग्रॅम घ्यावे लागे व त्याने मळमळ, जुलाब होत.

मद्रास (आताचे चेन्नई) येथे १९५६ मध्ये स्थापन झालेल्या क्षयरोग रसायनोपचार केंद्रात वॉलेस फॉक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३ रुग्णांची यदृच्छया दोन गटांत विभागणी केली. एका गटास आरोग्यधामात, तर दुसऱ्यास घरीच वर्षभर तीच औषधे देण्यात आली. घरच्या रुग्णांची राहणी दाटीवाटीची व आहार निकृष्ट होता. तरीही १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार वर्षअखेर घरी सु. ८६ टक्के व आरोग्यधामात सु. ९२ टक्के रुग्णांचा रोग शमला होता. घरच्या माणसांना होणारा संसर्गही वाढला नाही. आरोग्यधामाची अपरिहार्यता संपली, पण औषध घेतले की नाही हे पाहणारे तेथील डोळेही त्याबरोबर गेले. म्हणून केंद्राचे कर्मचारी न कळविता घरी जाऊन औषधे मोजीत व लघवी तपासीत. पुढे आठवड्यातून दोनदा देखरेखीखाली औषध देण्याच्या पद्धतीचाही तेथे अभ्यास झाला.

दोष रुग्णाच्या अज्ञानाचा, ही समजूत बंगलोरच्या राष्ट्रीय क्षयरोग संस्थेतील देबबर बॅनर्जी व एस. अँडरसन यांच्या १९६३ च्या पाहणीने डळमळीत केली. लक्षणे असलेल्या ग्रामीण रुग्णांपैकी निम्म्याच्या आसपास लोक आधीच दवाखान्यात जाऊन आलेले होते. तेथे बहुधा निदान न होता खोकल्याचे औषध देऊन त्यांची बोळवण झाली होती. उपचार सोडणाऱ्यास ‘डिफॉल्टर’ असे देणे बुडविणाऱ्याचे नाव देणाऱ्या यंत्रणेने हा निष्कर्ष फारसा मनावर घेतला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने हा शब्द २०१३ मध्ये वगळला.

रिफॅम्पिसिनामुळे उपचाराची मुदत सहा महिन्यांवर आली. १९९७ पासून भारतात सुधारित कार्यक्रमाखाली प्रत्यक्ष देखरेखीची पद्धत देशभर टप्प्याटप्प्याने पसरली. तथापि दक्षिण आफ्रिकेतील १९९८ च्या चाचणीत देखरेखीखालील उपचार स्वतः औषध घेण्यापेक्षा सरस ठरले नाहीत. त्यासाठी रुग्णास वारंवार केंद्रात यावे लागे, आणि रोजंदारीवरील मजुरास अशी खेप म्हणजे बुडालेला रोज. मुदत घटविणे, अनेक औषधे एकाच गोळीत देणे व दवाखाना जवळ आणणे यांचा लाभ अधिक भरवशाचा दिसतो. भारतात आठवड्यातून तीनदा औषध देण्याची पद्धत बदलून २०१७ पासून एकत्रित गोळ्या रोज देण्यास देशभर प्रारंभ झाला. निक्षय पोषण योजनेखाली २०१८ पासून रुग्णास आहारासाठी दरमहा ५०० रु. मिळू लागले, २०२४ मध्ये ही रक्कम १,००० रु. करण्यात आली.