साष्टीतील सरपणाचे वर्ष

मुंबईच्या उपनगरांत, म्हणजे पूर्वीच्या साष्टी बेटावर, खोली उबदार ठेवण्यासाठी घरात विस्तव पेटविण्याची वेळ क्वचितच आली असेल. सांताक्रूझ येथे नोंदले गेलेले नीचांकी तापमान जानेवारी 1962 मधील 7.4 अंश सेल्सिअस एवढे आहे, आणि तशी थंडी दोन-चार दिवसांत ओसरते. तरीही फाल्गुन लागला की येथील घरांतल्या विस्तवाची व्यवस्था बदलत असे. स्वयंपाकाची चूल बारमाही पेटतीच राहे, परंतु आंघोळीचे पाणी तापविणारा विस्तव आवरता घेतला जाई, अंगणातली शेकोटी थांबे आणि त्याच सुमारास पावसाळ्याच्या सरपणाची जमवाजमव सुरू होई. साष्टीतल्या जळणाचे वर्ष थंडीवर नव्हे, पावसावर बेतलेले होते.

गावठाणांत आणि कोळीवाड्यांत पाणी तापविण्यासाठी चुलाण असे, म्हणजे न्हाणीजवळ दगडमातीने बांधलेली आणि मोठे भांडे कायमचे बसविलेली चूल. 1896 च्या प्लेगनंतर शहरातील वस्ती हळूहळू उत्तरेकडे सरकली, अंधेरी, घाटकोपर, मुलुंड या भागांत मध्यमवर्गीयांची घरे वाढत गेली आणि त्यांच्याबरोबर तांब्याचा बंब आला. बंबाच्या मधोमध उभी नळी असते, तिच्या तळाशी जाळी आणि जाळीखाली राख पडण्याची जागा. नळीभोवतीच्या पोकळीत पाणी भरतात आणि ते खालच्या तोटीतून काढून घेतात. वरून ढलप्या, कोळसा किंवा गोवऱ्यांचे तुकडे टाकले की धूर नळीवाटे निघून जातो आणि थोड्या जळणात बरेच पाणी तापते, कारण उष्णता चारी बाजूंनी पाण्यालाच मिळते. उन्हाळा लागला की रोज बंब पेटविण्याचे कारण उरत नसे. राख काढून, चिंचेने घासून तो कोरडा करून ठेवीत. घरात बाळंतीण किंवा आजारी माणूस असेल, तर मात्र त्याला सुट्टी नसे.

हा बदल ज्या दिवशी उघडपणे दिसे, तो दिवस धुळवडीचा. फाल्गुन पौर्णिमेला होळी पेटे आणि दुसऱ्या दिवशी तिच्या धगधगत्या निखाऱ्यांवर पाणी तापवून घरातल्या सर्वांनी त्या पाण्याने आंघोळ करावी, अशी चाल महाराष्ट्रात अनेक ठिकाणी होती. उन्हाळ्याची बाधा होऊ नये, ही त्यामागची समजूत. होळी जळाली, थंडी पळाली, असे लोक आजही म्हणतात. कोळ्यांचा तर शिमगा हा मोठा सण आणि वेसावे, मढ, गोराई येथील कोळीवाड्यांत तो अजूनही उत्साहाने साजरा होतो.

होळीनंतरचे तीन महिने सरपणासाठी महत्त्वाचे असत. मृगाचा पाऊस जूनच्या पहिल्या आठवड्यात अपेक्षित धरला जाई आणि त्याआधी चार महिने पुरेल एवढे कोरडे जळण घरात येणे आवश्यक असे, कारण भिजलेल्या लाकडाने चूल पेटत नाही आणि पेटली तरी घरभर धूर कोंडतो. पावसाळ्यापूर्वीच्या या साठवणीला आगोटीची बेगमी म्हणत. तीत सुकट, बोंबील, मीठ, मसाला यांच्याबरोबर लाकूडफाटाही येई: आंब्याच्या वाळलेल्या फांद्या, माडाच्या झावळ्या, नारळाची सोडणे आणि करवंट्या, उन्हात थापून वाळविलेल्या शेण्या. हे जळण पडवीत किंवा चुलीवरच्या माळ्यावर रचीत. माळ्यावरचे लाकूड खालच्या धुराने कोरडे राही आणि त्याला वाळवीही सहसा लागत नसे. ही सारी आखणी बायकांची होती, आणि कोणते लाकूड आधी जाळायचे, कोणते श्रावणासाठी राखायचे, याचा हिशेब त्यांच्याच डोक्यात असे. लिखित इतिहासात त्याची दखल जवळजवळ नाही, हा मोठा अन्याय आहे.

त्याच दिवसांत भातशेतीलाही काटक्या-पानांची गरज लागे. रोपवाटिकेच्या जमिनीवर फांद्या, पालापाचोळा आणि शेण पसरून जाळण्याच्या पद्धतीला राब म्हणतात. 1878 च्या वन कायद्यानंतर जंगले राखीव होऊ लागली, तेव्हा ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत राब व सरपण यांच्या हक्कांवरून एवढा असंतोष माजला की सरकारला वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल 1887 साली आला. साष्टीच्या मधल्या डोंगरांवर आणखी एक बंधन होते, कारण 1860 साली विहार आणि 1879 साली तुळशी हे तलाव पूर्ण झाल्यावर शहराच्या पिण्याच्या पाण्यासाठी तेथील पाणलोट राखणे भाग होते. या जंगलाच्या कडेने राहणाऱ्या वारली स्त्रिया डोक्यावर सरपणाच्या मोळ्या घेऊन वस्त्यांत विकायला येत, आणि ज्यांना अंगण, झाड वा गुरे नव्हती अशा चाळकऱ्यांची चूल त्या मोळ्यांवर आणि लाकडाच्या वखारींवर चाले.

पुढचा बदल झपाट्याने झाला. 1929 साली बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय कंपनी स्थापन झाली. कोळशाची शेगडी, भुशाची शेगडी आणि रॉकेलचा स्टोव्ह चाळींत शिरले. माहूल येथे तेलशुद्धीकरण सुरू झाल्यावर 1955 साली बर्मा शेलने मुंबईत सिलिंडरमधला गॅस विकायला आरंभ केला, आणि 1995 साली महानगर गॅस कंपनी स्थापन होऊन नळाने गॅस घरोघरी पोचू लागला. स्त्रियांचे डोळे आणि फुप्फुसे धुरापासून वाचली, ही निःसंशय चांगली गोष्ट झाली. गीझर आल्यावर बंब माळ्यावर गेले आणि पुढे तांब्याच्या भावाने मोडीत निघाले.

उपनगरांचा इतिहास लिहिताना रेल्वे, तलाव आणि नगररचना यांना भरपूर जागा मिळाली आहे, चुलीला आणि सरपणाला मात्र नाही. मरोळ, वेसावे, गोराई येथील गावठाणांत आणि आरे व बोरिवलीच्या पाड्यांत आगोटीचे सरपण स्वतः रचलेल्या वृद्ध स्त्रिया अजून आहेत. स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकांनी त्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित कराव्यात, चुलाणे आणि बंब यांची मोजमापे व चित्रे घ्यावीत, आणि हे काम पुढच्या पिढीवर ढकलू नये.